दिवा लाव, ताट वाढून घे

वाचकाचं पत्र

मावशी, मी ३७ वर्षांची आहे. माहेर-सासर दोन्ही कराडकडचं, आता पुण्यात एका कंपनीत हिशेबाचं काम करते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरेना, म्हणून दीड वर्षापूर्वी अ‍ॅपवरचा १,२०० कॅलरींचा डाएट धरला. भात, पोळी, तूप, साखर सगळं बंद. सकाळी प्रोटीन पावडर, दुपारी काकडी-गाजर आणि काट्यावर मोजून ८० ग्रॅम पनीर, रात्री सूप. घरच्यांचा स्वयंपाक वेगळा करते. ११ किलो उतरले, त्यातले ८ परत आले. कारण रात्री अकराला सगळे झोपले की मी अंधारात ओट्यापाशी उभी राहून फरसाण, बिस्किटं, डब्यातली उरलेली पोळी, हाताला लागेल ते खाते. सकाळी स्वतःची किळस येते आणि नाश्ता चुकवते. माझ्यात निग्रहच नाही. केस गळतात, जिना चढताना दम लागतो. होळीच्या दिवशी माझ्या दहा वर्षांच्या लेकीने पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मी पण डाएटवर आहे." त्या रात्री मी खूप रडले. मला घरचं, चांगलं, आवडीने खायचंय. काय आणि किती खाऊ, याची यादी द्याल का?

ता. क. सासूबाईंचं मेतकूट संपलंय. मऊभात-मेतकूट खायची फार इच्छा होते. पण दीड वर्षं त्यांच्या भाताला मीच नावं ठेवली, आता मागायचं कुठल्या तोंडाने?

उत्तर

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्या अंधारातल्या ओट्यापाशी येऊन थांबले. दीड वर्ष भाताच्या वाफेत उभी राहून तू सगळ्यांना वाढलंस आणि स्वतः काकडी खाल्लीस. आणि वर म्हणतेस, माझ्यात निग्रह नाही. अगं, निग्रह नको तितका झालाय. रात्री अकराला तुला होतं त्याला भूक म्हणतात. दिवसभर तू तिला दारात उभी ठेवतेस, मग सगळे झोपल्यावर ती मागच्या दाराने आत येते.

हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. ते सगळे स्वखुशीने आले होते. युद्धात उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शोधायचं होतं. त्यासाठी २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावलं. काही आठवड्यांत त्या तरुणांना अन्नाखेरीज दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचायची, ताट चाटायचं, घासभर अन्न तासभर पुरवायचं. काहींनी चोरून खाल्लं आणि नंतर स्वतःचा तिरस्कार केला. प्रयोग संपून पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांचं पोट बरेच दिवस भरल्यासारखं वाटेना. ते पुरुष होते, तुझ्यापेक्षा अंगाने मोठे आणि जास्त चालणारे, हे धरूनही बघ. त्यांची उपासमार म्हणून जो आकडा नोंदला गेला, तो तुझ्या अ‍ॅपवरच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. त्यांना आपण 'निग्रह नसलेले' म्हणणार नाही. तूही स्वतःला म्हणू नकोस.

म्हणून यादी देणार नाही. तुझ्याकडे दीड वर्षाची यादी आहे, तिने काय केलं ते तूच लिहिलंयस. मी एकच गोष्ट सांगेन: घरात सगळ्यांसाठी जे शिजतं तेच, त्याच पातेल्यातून, सगळ्यांबरोबर बसून, दिवसाउजेडी पोटभर जेव.

साधी वाटते ही गोष्ट, पण आपल्याकडच्या बायकांना ती पिढ्यान् पिढ्या जमलेली नाही. आमच्या वाईच्या घरात आधी पुरुषांची पंगत बसायची, मग मुलांची, मग बायकांची. आई सगळ्यात शेवटी. तिच्या वाट्याला तव्यावरची शेवटची, पीठ कमी पडलेली लहान भाकरी, आमटीच्या पातेल्याचा तळ आणि सकाळची भाजी. बरेचदा ती ताटसुद्धा घ्यायची नाही, परातीतच खायची. शिवाय सोमवार, गुरुवार, चतुर्थी, दोन एकादश्या धरून महिन्याचे अकरा-बारा दिवस उपास. ती गेली तेव्हा मी आठवून पाहिलं, आई भरल्या ताटावर निवांत बसलेली मला किती वेळा दिसली? तिच्या माहेरी, कोणी वाढायला असताना, तीन-चारदा. बास. तुझं पत्र वाचताना मला तीच आठवत होती. ती उरलंसुरलं खायची, तू मोजून खातेस, पण दोघीही घरच्या पंगतीतून उठलेल्याच. तिचा उपास देवाच्या नावाने होता, तुझा अ‍ॅपच्या नावाने आहे, आणि भुकेली दोन्ही वेळेला घरातली बाईच. हे मला सहन होत नाही, म्हणून इतकं लांबण लावतेय.

आता ताटाचं. 'किती' हे तुला हवंच आहे, तर त्याचं उत्तर आपल्या पान वाढायच्या पद्धतीतच आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. मधे भाताची मूद, त्यावर वरण, वर तुपाची धार. डावीकडचं चमच्याने वाढायचं, उजवीकडचं पळीने, आणि मूद छोट्या वाटीने पाडायची. ही वाटीच माप आहे. मूद सपाट करून डोंगर रचला तर माप चुकतं, मूद राहिली तर चुकत नाही. एवढंच की हल्ली भाजी चमच्याच्या बाजूला गेलीय आणि पोळ्यांची चळत वाढलीय. तू पातळ भाजीची मोठी वाटी घे, कोशिंबिरीला चमच्याऐवजी पळी लाव, म्हणजे ताट आपसूक बसतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांच्या २,००० कॅलरींच्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य आहे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा अंडी-मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, आणि २७ ग्रॅम तेल-तूप. हे काट्यावर मोजायला सांगत नाही, उलट काटा ओट्यावरून उचल असंच सांगणार आहे. फक्त बघ, त्यात भात आहे, भाकरी आहे, तूप आहे. आणि प्रोटीन पावडरीच्या मागे लागू नका, असं तीच संस्था सांगते.

भाताची भीती तुझ्या मनात इतकी खोल गेलीय की 'भात' हा शब्द तू पत्रात दोनदा लिहून खोडलायस. तांदळात आणि ज्वारीत लायसिन नावाचा प्रथिनाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो मेथिओनिन कमी पडतो तो धान्यात मिळतो. वरण-भात, खिचडी, भाकरी-पिठलं, उसळ-भाकरी या जोड्या कोणी प्रयोगशाळेत बसून लावल्या नाहीत, तरी त्या बरोबर बसल्यात. पालक, मेथी, गाजरातल्या ज्या द्रव्याचं शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनतं, ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. म्हणजे वरणावरचं चमचाभर तूप हे लाड नव्हेत, ते त्या ताटाचं काम करतंय. चमचाभर तूप म्हणजे साधारण ४५ कॅलरी. रात्री अंधारात खाल्लेलं फरसाण याच्या कितीतरी पट होतं, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

केस गळणं आणि जिन्यावरचा दम मला जास्त छळतोय. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. तू त्यात असशील असं मला वाटतं, पण वाटून उपयोग नाही, या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घे. आणि स्वयंपाकघरात एवढं कर: पालेभाजी लोखंडी कढईत कर, आणि शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर काळी पडते. डाव्या बाजूची ती लिंबाची फोड शोभेला ठेवू नकोस, पिळ. भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणावर लगेच चहा मात्र नको, चहातली द्रव्यं तेच लोह अडवतात. तासभर थांब. कडधान्याला मोड आणून घे, मोडाने लोहाला धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं.

आता तू म्हणशील, मावशी, दोन स्वयंपाक करतेच आहे, त्यात आणखी काय काय करू? दोन करू नकोस. एकच कर. तुझ्या सूप आणि पनीरचा वेळ वाचला, तो वेळ घे. रविवारी नवऱ्याला आणि मुलांना ओट्यापाशी बोलाव. एकाने लसूण सोलायचा, एकाने शेंगदाणे भाजून कूट करायचं, एकाने मटकी भिजत घालायची. कांदा-खोबऱ्याचं वाटण करून फ्रीजमध्ये ठेव. एवढी तयारी असली की आठवडा पाऊण तासाच्या स्वयंपाकावर निघतो. एक दिवस मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड. एक दिवस शाळूची भाकरी, पिठलं, कांदा, दही. एक दिवस तुमच्याकडचा कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्री भिजत घालून, आमसूल आणि वाटण लावून, भाताबरोबर. कंटाळा आला तर भाजणीचं थालीपीठ, त्यात मेथी चिरून घाल, वर लोण्याचा गोळा. भाकरी येत नसेल नवऱ्याला तर पोळी लाटायला शिकव, पहिल्या महिन्यात नकाशे होतील, खायला सगळे सारखेच लागतात. घरचं अन्न चांगलं म्हणायचं आणि ते एकट्या बाईने उभं राहून रांधायचं, हा न्याय मला मान्य नाही. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखव.

ऋतू धरलास तर यादी लागत नाहीच. भोगीला पावटा, सोलाणे, वांगी, गाजर घालून लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. पावसाळ्यात मंडईत टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन बसलेल्या बायका दिसतात, त्यांच्याकडून जुडी घे आणि कशी करायची तेही त्यांनाच विचार. उन्हाळ्यात ताक, कैरीचं पन्हं, आंबा. हो, आंबा. आठ-दहा आठवड्यांचा असतो तो, तेवढे दिवस मन मारून काय मिळणार?

संध्याकाळचा पाच-साडेपाचचा वेळ मोकळा ठेवू नकोस. दुपारी एकला जेवून रात्री नऊपर्यंत काहीच न खाणं, ही अकराच्या फरसाणाची पहिली पायरी आहे. ऑफिसात डबीत शेंगदाणे-फुटाणे ठेव, गुळाचा खडा ठेव, नाहीतर केळं. बिस्किटं, फरसाण घरातून हद्दपार करू नकोस. आठवड्यातून एखाद्या दिवशी चहाबरोबर बशीत काढून, बसून, सगळ्यांसमोर खा. चोरून खाल्लेल्याची चव तुला कधी लागलीच नसेल.

आणि तरीही रात्री अकराला पाय ओट्याकडे वळले, पहिले काही आठवडे वळतीलच, तर दिवा लाव. ताट किंवा वाटी घे. दहीभात असेल तर तो, नाहीतर पोळीवर तूप-गूळ, नाहीतर गरम दूध. टेबलाशी बस आणि खा. कोणी उठून आलं तर सांग, "भूक लागली." तोंड लपवू नकोस. सकाळी काहीही झालं तरी नाश्ता चुकवायचा नाही. रात्रीचं खाल्लेलं सकाळी वसूल करायला गेलीस की त्याच रात्री चक्र पुन्हा फिरतं.

वजनाचं तुला खरं सांगायला हवं. पहिल्या काही आठवड्यांत ते थोडं वाढेल, इतके दिवस उपाशी राहिलेलं शरीर आधी साठवून ठेवतं. घाबरून परत सूपवर जाऊ नकोस. वजनाचा काटा तीन महिने माळ्यावर टाक. त्याऐवजी जिना बघ, झोप बघ, पाळी वेळेवर येते का ते बघ. रोज अर्धा तास चाल. साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास निघाला तर डॉक्टर जे पथ्य सांगतील ते माझ्या सल्ल्याच्या आधी.

आणखी एक, आणि हे लाजून मागे ठेवू नकोस. रात्रीचं खाणं आठवड्यातून अनेकदा होत असेल, खाताना हात थांबतच नसेल, किंवा खाल्लेलं उलटी करून काढावंसं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेट. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ताप आला तर डॉक्टरकडे जातोच ना आपण.

लेकीबद्दल. तिला बसवून उपदेश करू नकोस. दहा वर्षांचं पोर कानाने कमी आणि डोळ्याने जास्त शिकतं, आणि तिने दीड वर्ष आईला वेगळं ताट घेताना पाहिलंय. तिच्यासमोर तू तेच वरण-भात-तूप जेवलीस की निम्मं काम झालं. घरात कोणीही, तिच्या आजीनेसुद्धा, कोणाच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, सुटलीस नाही की वाळलीस नाही. 'हे चांगलं खाणं, ते वाईट खाणं' असेही शिक्के नकोत. तिला पहिल्यांदा थोडंच वाढ आणि पुन्हा मागू दे, म्हणजे टाकलंही जात नाही आणि जबरदस्तीही होत नाही. पोट भरलं म्हणाली तर थांबू दे, तिच्या पोटाची खूण तिला अजून कळते. मटार सोलायला, मेथी निवडायला, कोशिंबिरीला फोडणी घालताना शेजारी उभी कर. स्वतः निवडलेली मेथी मुलं खातात, हे मी माझ्या घरात पाहिलंय. आणि एखाद्या दिवशी तिला एवढंच सांग: "मी उगाच उपाशी राहत होते, माझं चुकलं. तू वाढत्या वयाची आहेस, तू डाएटवर नाहीस." होळीपर्यंत थांबू नकोस, गुढीपाडवा, नागपंचमी, एखादा साधा रविवारसुद्धा पुरणाला चालतो. दोघींनी मिळून पुरण वाटा.

राहिलं मेतकूट. माझ्याकडचं प्रमाण देते: एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी तांदूळ, उडदाची डाळ आणि गहू पाव-पाव वाटी, चमचाभर धणे, चमचाभर जिरे, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा मेथीदाणे. सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, खमंग भाजायचं, मेथी करपली तर सगळं कडू. गार झालं की सुंठ, हळद, हिंग घालून बारीक दळायचं.

पण हे माझं आहे, तुला हवं ते त्यांचं आहे. तर येत्या रविवारी त्यांच्यापाशी जा आणि म्हण, "आई, मऊभात खावासा वाटतोय, मेतकूट शिकवाल का?" भाताला नावं ठेवल्याचं त्यांच्या लक्षात असेल, तरी या वाक्यानंतर त्या ते काढणार नाहीत. प्रमाण विचारशील तर म्हणतील, "अंदाजाने घालते गं." तेव्हा तुझा तो पनीर मोजायचा काटा काढ. त्यांनी मुठीने डाळ घेतली की ती काट्यावर ठेव आणि आकडा लिही, तांदूळ घेतला की लिही, मेथीची चिमूटसुद्धा मोज. लेकीला वही धरायला बसव. दळून झालं की त्याच दुपारी इंद्रायणीचा भात मऊ शिजव, चार पानं मांड, पाचवं तुझं.